सह्यांचे लग्न आणि आईच्या हातातला अंतरपाट

“मॅडम, सह्या करून घर विकत घेतात, लग्न लावत नाहीत.” पहिल्याच भेटीत त्या आई हे वाक्य बोलल्या आणि शेजारी बसलेल्या मुलीने मान फिरवली. विवाहपूर्व समुपदेशनासाठी येणाऱ्या घरांमध्ये ही चिंता मी वेगवेगळ्या शब्दांत नेहमी ऐकते. मुलांना नोंदणी पद्धतीने विवाह करायचा असतो, आईवडिलांना तो कोरडा, कचेरीतल्या कामासारखा वाटतो, आणि लग्न झाल्यासारखे वाटेल का, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मनात असतो. या घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

मुलगी नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. आईने शिवणकाम करून आणि नंतर एका शाळेत नोकरी करून तिला एकटीने वाढवले. लग्न ठरले तेव्हा नातेवाइकांनी फार विचार न करता सांगून टाकले, की कन्यादानाला काका-काकू बसतील. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, आईलाही नाही. मुलीला मात्र वाटले. जिने आपल्याला वाढवले तिने मांडवाच्या कडेला बसून पाहायचे आणि ज्यांच्याशी वर्षातून दोनदा भेट होते त्यांनी आपला हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे तिला सोसणारे नव्हते. म्हणून तिने विशेष विवाह कायद्याखाली, विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करायचे ठरवले. तो निर्णय आईसाठी होता, आणि त्याने सर्वांत जास्त दुखावली गेली ती आईच.

हे कोडे माझ्या लवकर लक्षात आले नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे. परंपरा हवी असणारी आई आणि ती नको असणारी मुलगी, असाच हा वाद आहे असे मी धरून चालले. त्यामुळे दुसऱ्या भेटीत मी उत्साहाने सुचवले, की लग्नानंतर छोटा समारंभ करावा आणि त्यात मंगळसूत्र मुलीच्या गळ्यात आईनेच घालावे. आई एकदम गप्प झाल्या. तिसऱ्या भेटीला त्या आल्याच नाहीत.

चौथ्या वेळी त्या एकट्या आल्या आणि खरी गोष्ट सांगितली. “लोक म्हणतील, आईचं कपाळ पांढरं, म्हणून पोरीचं लग्न सह्यांवर उरकलं.” मुलीच्या निर्णयात त्यांना आपल्या वैधव्याची सावली दिसत होती. मंगळसूत्राला हात लावण्याचा माझा सल्ला त्यांना सन्मानाचा वाटला नव्हता, त्यांना त्याची भीती वाटली होती. त्यांचे माहेर शिरोळ तालुक्यातले, हेरवाडपासून जवळ. ४ मे २०२२ रोजी त्या गावच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. त्या म्हणाल्या, “ठराव झाला तेव्हा मी टीव्हीवर पाहिला. बरं वाटलं. पण ठराव होतो हो मॅडम, हात कुठे धजतो?” धजत नसलेल्या हाताला समारंभाच्या दिवशी सर्वांसमोर पुढे करणे ही जबरदस्तीच असते, मग आपला हेतू कितीही चांगला असो. त्या दिवसापासून मी सुचवणे थांबवले आणि विचारणे सुरू केले.

पुढच्या बैठकीला मुलगा आणि त्याची आजीही आली. कोणता विधी हवा आणि कोणता नको, हा प्रश्न मी टाळला, कारण त्या प्रश्नावर घरे लगेच बाजू घेतात. त्याऐवजी प्रत्येकाने आजवर पाहिलेल्या लग्नांतला असा एक क्षण सांगावा, ज्या वेळी डोळे भरून आले, असे मी म्हटले. मुलीला आठवला तो नवरीला मामाने हाताला धरून आणण्याचा क्षण. मुलाला आपल्या आजीने कोणाच्या तरी लग्नात, आजोबा गेल्यावरही, ठसक्यात घेतलेला उखाणा आठवला. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अंतरपाट खाली येतो ना, तेव्हा. आमच्या लग्नात तो खाली आला आणि हे हसत होते.”

कन्यादानाचे नाव कोणीही घेतले नाही. ज्या विधीवरून घरात दोन महिने अबोला होता, तो कोणाच्याच आठवणीत नव्हता. त्याच्या जागी काय करायचे, असा प्रश्न मुलाने विचारला, तेव्हा मी सांगितले की काहीच करू नका. प्रत्येक सोडलेल्या विधीच्या जागी नवा विधी बसवण्याचा आग्रह मला अनेक जोडप्यांमध्ये दिसतो. त्यातून समारंभ इतका भरगच्च होतो, की पाहुण्यांना सूत्रसंचालकाचा आवाज तेवढा लक्षात राहतो. तीन-चार गोष्टी पुरेशा असतात, मात्र त्यातली प्रत्येक कोणासाठी आहे हे घरातल्यांना ठाऊक हवे.

अंतरपाट आईने धरावा, हे मी म्हटले नाही आणि मुलीनेही म्हटले नाही. ते म्हटले मुलाच्या आजीने. त्यांचे माहेर जुन्नरकडचे, सत्यशोधक विचारांचे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताशिवाय लग्ने लावण्याची पद्धत सुरू केली. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांना उद्देशून वचने देतात. “भटजी नाही तर मंगलाष्टके म्हणणार कोण?” ही आईंची शंका आजींना म्हणूनच नवलाची वाटली, त्यांच्या घरात ती नेहमी घरच्यांनीच म्हटली होती. आजी म्हणाल्या, “माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक माझ्या आजीने धरलं होतं. ती विधवाच होती. माझा संसार एकावन्न वर्षं झाला.” एवढे बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. माझ्या चार बैठकांनी जे झाले नव्हते ते या तीन वाक्यांनी झाले, कारण ती मोकळीक पुस्तकातून आलेली नव्हती, एका वडीलधाऱ्या बाईच्या स्वतःच्या लग्नातून आली होती. अशी माणसे बहुतेक घरांत असतात. समुपदेशकाने त्यांना शोधून बैठकीत आणावे, असे माझे मत तेव्हापासून ठाम झाले आहे.

यानंतर कायद्याकडे वळलो, आणि येथे थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरांत गोंधळ याच ठिकाणी असतो. विधिवत लागलेल्या लग्नाची नंतर नोंदणी करणे वेगळे आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न होणे वेगळे. पहिल्यात लग्न विधींनी लागते आणि नोंदणी हा त्याचा पुरावा असतो; हिंदू विवाह कायद्याखालील लग्नात आवश्यक विधी झालेच नसतील तर निव्वळ प्रमाणपत्राने लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसऱ्या प्रकारात आधी नोटीस द्यावी लागते, त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते, नोटिशीनंतर पुन्हा ३० दिवस थांबावे लागते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती रद्द होऊन नव्याने द्यावी लागते. हॉल आधी ठरवून नोटीस नंतर देणाऱ्यांची यात फार धावपळ होते. या घराने नोटीस आधी दिली आणि मिळालेल्या साधारण दोन महिन्यांतला एक गुरुवार आईने निवडला.

त्याच कायद्याच्या १२ व्या कलमात एक गोष्ट आहे, जी मी प्रत्येक जोडप्याला वाचून दाखवते. लग्न दोघांना आवडेल त्या पद्धतीने करता येते. मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, प्रत्येकाने दुसऱ्याला आपला कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे म्हटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. म्हणजे कायद्यालाही उच्चारलेला शब्द लागतोच. छापील कागदावरचे ते वाक्य अनेक जण पुटपुटून संपवतात. मी या दोघांना ते पाठ करायला आणि एकमेकांकडे पाहून मोठ्याने म्हणायला सांगितले. विवाह अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणी बोलावण्याचीही सोय कायद्यात आहे, जादा शुल्क भरून. पण या घराने कचेरीतच जायचे ठरवले, कारण तोवर कचेरीविषयीची त्यांची भावना बदलली होती.

ती बदलली साक्षीदारांमुळे. तीन साक्षीदार कोण, असे मी सहज विचारले. मुलगी म्हणाली, “आई, मामा आणि आजी.” आई दचकल्या. “मी? मला चालेल?” कायद्यात साक्षीदाराला सौभाग्याची अट नाही, हे त्यांना सांगताना माझाच आवाज जड झाला. साक्षीदार नुसते बसून पाहत नाहीत. आधीच्या घोषणापत्रावर आणि नंतर विवाह प्रमाणपत्रावर त्यांच्या सह्या लागतात. ज्या बाईला मांडवात मागे बसवले असते, तिच्या सहीला येथे लग्नात जागा होती.

त्या गुरुवारी सकाळी कचेरीत लग्न झाले आणि संध्याकाळी जवळच्या सभागृहात, साधारण ऐंशी माणसांत समारंभ. मामाने मुलीला हाताला धरून आणले. अंतरपाट म्हणून वडिलांचे लग्नातले उपरणे होते, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक मुलीने काढले होते. एक टोक आईच्या हातात, दुसरे मुलाच्या आईच्या. मंगलाष्टके मावशीने आणि आजीने म्हटली. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या होत्या. सप्तपदीतली सातही वचने घ्यायची की नाही यावर थोडी चर्चा झाली होती. शेवटी सात पावले दोघे शांतपणे चालले आणि सातव्या पावलाचे, मैत्रीचे वचन तेवढे दोघांनी मराठीत म्हटले. मंगळसूत्र मुलाने घातले, आईने लांबून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही म्हटले नाही. त्यांच्या हाताला अंतरपाटाचे टोक धरणे जमले होते, मंगळसूत्र घालणे जमले नव्हते, आणि त्या दिवसासाठी एवढेच ठरले होते.

महिन्याभराने आई मला भेटायला आल्या, पिशवीतून विवाह प्रमाणपत्राची प्रत घेऊन. अंतरपाटाविषयी त्या फार बोलल्या नाहीत. प्रत टेबलावर पसरून त्यांनी बोट आधी मुलीच्या नावावर ठेवले, मग खाली साक्षीदारांच्या रकान्यात, आपल्या पूर्ण नावाच्या सहीवर. मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव होते आणि त्यांच्या नावापुढे पतीचे.

“बघा ना मॅडम,” त्या म्हणाल्या, “दोन्हीकडे हे आहेत.”