टॅरिफच्या गोंधळात जिनिंगवाल्याने रुईच्या गाठी धरून ठेवाव्या का? (यवतमाळ जिल्हा)

नाही, जेवढा कापूस घेतला, त्यातून निघेल तेवढी रुई (बी काढलेला कापूस) विकत चला. रुईचा भाव आता बाजार समितीच्या बाहेर ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं, म्हणजे कापड-कपड्यांवरचंही, शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, मग ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. म्हणजे त्या वर्षी ऐन दिवाळीच्या आवकेत परदेशी गाठी स्वस्त झाल्या! सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं, गणित मात्र वेगळं. कापसाचं जवळपास दोन तृतीयांश वजन तिचंच, आणि तिची ढेप (तेल काढून उरलेली पेंड) खाणारी जनावरं इथलीच. (सरकी तेल पामतेलाच्या आयातीबरोबर हलतं, तेवढं धरा.) सरकीचा थोडा साठा चालेल, पण बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट कर्जावर) नको.