मार्क पाहून व्हिस्की घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार. माझा भाऊ दुबईहून येतोय, ड्युटी फ्रीमधून दोन बाटल्या आणणार आहे. मी नेटवर मार्क पाहून यादी काढली, एकीला समीक्षकाने ९२ दिलेत, दुसरीला ८६. पण मागच्या वेळी पण अशीच नव्वदच्या वरची आणली होती, वर्णनात समुद्री वारा, डांबर, औषधी असं काय काय लिहिलं होतं, मला वाटलं भारी असेल, उघडली तर अख्ख्या खोलीत दवाखान्याचा वास, घरात कोणी दुसरा पेग घेतला नाही. एवढा पैसा जात असेल तर ह्या मार्कांचा उपयोग काय? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : भाऊ, त्या वर्णनाने तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं नं. डांबर, औषधी हे शब्द हौस म्हणून टाकलेले नसतात. ज्यापासून ही व्हिस्की बनते ते मोड आणलेलं जव पीट जाळून त्याच्या धुरावर वाळवतात, पीट म्हणजे दलदलीत कुजून साचलेला झाडपाला, आणि त्या धुरातले फिनॉल जवात मुरतात ते थेट बाटलीपर्यंत येतात, आपल्या काळ्या फिनाइलचा वास त्याच जातीतला. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइग, आर्डबेग, लागाव्हुलिन ह्यासाठीच प्रसिद्ध आहेत, ज्यांना आवडतात ते त्यासाठी जीव टाकतात. तुमच्या समीक्षकाला धूर आवडला, त्याने मार्क दिले, तुमच्या घरी नाही आवडला. ९२ ह्या आकड्यात धूर आहे की नाही हेच कळत नाही, आणि घेणाऱ्याला सगळ्यात आधी तेच कळायला पाहिजे.

दुसरं असं की १०० पैकी म्हणतात पण बरी व्हिस्की ८० च्या खाली क्वचितच जाते आणि ९५ च्या वर कोणी फारसं देत नाही, म्हणजे सगळा खेळ पंधरा मार्कांत. त्यातले चार-पाच किती पक्के? व्हिस्कीचं नाही पण वाइनचं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेतल्या परीक्षकांना स्वतः वाइन बनवणाऱ्या रॉबर्ट हॉजसन यांनी एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली, तर बहुतेकांचे मार्क साधारण चारने इकडेतिकडे झाले, दहातला एखादाच परीक्षक तिन्ही वेळा एकाच मेडलच्या गटातले मार्क देऊ शकला. हे २००८ मध्ये छापून आलं. आणि ते लोक रोज चाखणारे. म्हणून ८६ आणि ९२ मध्ये जो फरक तुम्हाला डोंगराएवढा वाटतोय तो एका संध्याकाळचाही असू शकतो.

तरी मार्क फेकून द्या असं मी म्हणणार नाही, कारण एक काम ते खरंच करतात, ज्या बाटलीकडे कोणी पाहत नव्हतं तिच्याकडे पाहायला लावतात. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या जवापासून बनलेली व्हिस्की, स्कॉटलंडच्या ग्लासगोत उतरवली तेव्हा भारतीय व्हिस्की म्हटलं की लोक हसायचे, आणि मग व्हिस्कीचे इंग्रज समीक्षक जिम मरे यांनी आपल्या २०१० च्या व्हिस्की गाइडमध्ये अमृत फ्यूजनला ९७ देऊन जगात तिसरी ठरवली, तेव्हापासून बाहेरची दारं उघडली. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पण पाहा, फ्यूजनमध्ये भारतीय जवाबरोबर स्कॉटलंडचं पीटवालं जवही असतं, म्हणजे ९७ पाहून तुम्ही ती आणली तर थोडा धूर तिथेही आहेच, आणि ती ५० टक्के अल्कोहोलची आहे, आपल्या नेहमीच्या ४२.८ वाल्यांपेक्षा कडक.

मग करायचं काय, तर मार्क बाजूला ठेवून वर्णन वाचा, पण एकाचं नाही, तीन वेगवेगळ्या लोकांचं, आणि जे शब्द एकाच्याच वर्णनात आहेत ते सरळ खोडून टाका. ओलं चामडं, आजीची कपाटं, पावसानंतरची बाग, हे सगळं जाईल. उरेल ते कामाचं असतं कारण त्यामागे कारण असतं. व्हॅनिला आणि खोबरं दिसलं तर बहुतेक अमेरिकन ओकच्या बर्बन पिंपात, म्हणजे आधी अमेरिकेची बर्बन व्हिस्की ठेवलेल्या पिंपात, मुरवलेली, ते वास लाकडातूनच येतात. मनुका, खजूर, अंजीर दिसलं तर शेरीच्या, म्हणजे स्पेनच्या एका वाइनच्या, पिंपातली. धूर, राख, डांबर, दवाखाना दिसलं तर पीट. तुम्हाला धूर नको आहे, मग पहिल्या प्रकारात ग्लेनमोरंजी ओरिजिनल, दुसऱ्यात ग्लेनफार्क्लास, दोन्ही आणायला सांगा, मार्क कितीही असोत. आणि त्या ९२ वालीच्या तिन्ही वर्णनांत धूर असेल तर ८६ वालीच बरी.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. समीक्षक निमुळत्या तोंडाच्या ग्लासात, बर्फ न घालता, फार तर चार थेंब पाणी टाकून वास घेत बसतो, त्याचे मार्क त्या ग्लासाचे. आपण नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत बर्फ, सोडा आणि समोर सावजी मटण घेऊन बसतो, थंडीने वास दबतो, तर्रीने जीभ भाजलेली, तिथे अंजीर आणि संत्र्याची साल शोधून सापडणार नाही. त्यात काही चूक नाही, तसंच प्यायला मजा येते, पण त्या बैठकीसाठी महागडी ९२ वाली फोडू नका. ती डिसेंबरात, जेवणाच्या आधी, पाण्यासोबत. आणि शक्य असेल तर बाटली घ्यायच्या आधी एखाद्या बारमध्ये तीस एमएल चाखा, त्याच्याएवढं खरं कोणतंच परीक्षण नाही.

प्रश्न : खोक्यावर गोल्ड, डबल गोल्ड असे स्टिकर असतात, त्यावर विश्वास ठेवावा का? – एक वाचक, सदर

उत्तर : थोडा. स्पर्धेत कंपनी स्वतः फी भरून बाटली पाठवते, ज्यांनी पाठवली नाही त्यांचा विचारच होत नाही, आणि गोल्ड एकालाच मिळतं असंही नाही. पण मोठी गडबड वेगळीच आहे, मेडल एका विशिष्ट बाटलीला मिळतं आणि नाव सगळ्या ब्रँडचं होतं. हरियाणाच्या इंद्री ह्या व्हिस्कीला २०२३ मध्ये व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड स्पर्धेत बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्यांत सर्वोत्तम, हा मान मिळाला, पण तो दिवाळी कलेक्टर्स एडिशनला, ती पीटवाली, मर्यादित. वाइन शॉपमध्ये इंद्री मागितली की साधारण त्रिनी हातात येते, ती तीन प्रकारच्या पिंपांतली, स्वभावाने वेगळी. त्रिनी चांगलीच आहे, मला आवडते, पण मेडल ऐकून घेत असाल तर लेबलवरचं पूर्ण नाव वाचून मगच पैसे द्या.