वाचकांचे प्रश्न: उन्हातही थंड राहणारा पांढरा रंग

प्रश्न: आमच्या अकोल्यातील गोदामावर पत्र्याचे छप्पर आहे. बेरियम सल्फेटच्या नॅनोकणांचा रंग भर दुपारीही पत्रा हवेपेक्षा थंड ठेवतो, असे वाचले. त्याची पूड नेहमीच्या पांढऱ्या रंगात मिसळली तर चालेल का?

उत्तर: नाही. दुपारचे ऊन चौरस मीटरला साधारण १००० वॉट असते. छप्पर ८ ते १३ मायक्रोमीटरच्या, कोरडी हवा फारशी अडवत नाही अशा अवरक्त किरणांतून आकाशाकडे जी उष्णता टाकते, ती कोरड्या हवेत १०० वॉटच्या आसपास. रंगाने १० टक्के ऊन शोषले तरी सगळी कमाई गेली. नेहमीचा पांढरा रंग १० ते २० टक्के शोषतो, आणि त्यातले टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण गिळते. पूड टाकून हा दोष जात नाही.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील गटाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या रंगात टायटॅनियम नाही. अॅक्रिलिकमध्ये (कण धरून ठेवणारे प्लास्टिक) घनफळाने ६० टक्के बेरियम सल्फेट, आणि ९८.१ टक्के ऊन परत. कण सरासरी ४०० नॅनोमीटरचे, पण मुद्दाम लहानमोठे, कारण प्रत्येक आकार वेगळी तरंगलांबी चांगली विखुरतो. म्हणून 'जितके बारीक तितके चांगले' हा समज सोडा: ५० नॅनोमीटरच्या कणांतून उन्हाचा अवरक्त भाग जवळजवळ सरळ आरपार जातो.

करून पाहायचे तर एक फूट पत्र्यावर पाहा. ६० टक्के घनफळ म्हणजे वजनाने सहा भाग पूड, एक भाग सुके अॅक्रिलिक. वाळलेला थर ४०० मायक्रोमीटर हवा, त्यासाठी चौरस मीटरला सुमारे १.१ किलो पूड लागते. रंगउद्योगात 'ब्लँक फिक्स' म्हणतात ती अवक्षेपित (द्रावणातून साका म्हणून मिळवलेली) पूड घ्या. दळलेल्या बॅराइटमध्ये (बेरियम सल्फेटचे खनिज) लोह असते, ते ऊन शोषते. बेरियम कार्बोनेट मात्र चुकूनही नको. तीही पांढरी पूडच, पण विषारी. पूड हाताळताना मास्क लावा.

आधी पाण्यात कण सुटे ठेवणारे डिस्पर्संट (सोडियम पॉलिअॅक्रिलेट) विरघळवा, मग पूड थोडी थोडी टाकत जोरात घुसळा. अॅक्रिलिक इमल्शन शेवटी, हळू ढवळत; जोरात फिरवले तर फेस होतो. सगळा खेळ इथे बिघडतो: गुठळी राहिली की शेकडो कण मिळून एकाच मोठ्या कणासारखे वागतात आणि विखुरणे घटते. काचेवर पातळ थर ओढून दिव्यासमोर धरा, गुठळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

थर एकदम जाड दिला तर वाळताना भेगा पडतात. चार-पाच हात द्या, प्रत्येक वाळू द्या. पत्र्याला आधी प्रायमर हवाच. इतकी पूड भरलेला थर ठिसूळ असतो आणि पत्रा ऊन-सावलीत प्रसरण-आकुंचन पावतो, त्यामुळे थर सुटू शकतो. म्हणून अख्ख्या गोदामासाठी आम्ही घरगुती मिश्रण सुचवणार नाही. परावर्तनाचा आकडा डब्यावर छापलेला कूल-रूफ रंग घ्या. धूळ साचली की आकडा घसरतो, तेव्हा उन्हाळ्याआधी छप्पर धुवा. पावसाळ्यात हवेतली वाफ ८ ते १३ मायक्रोमीटरची वाट बरीच अडवते, त्यामुळे खरा लाभ मार्च ते मे.