अर्धवट राहिलेल्या गोधड्या मार्गी लावताना: आधी काम नेमकं कुठे अडलंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज निवांत लिहितेय. तुम्ही लिहिलंय की घरात तीन कामं अर्धवट पडलीत, एक आजेसासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांची मोठी गोधडी, कडेने बरीच शिवून झालीय पण मधे झोळ आलाय म्हणून माळ्यावर गेली, दुसरं लेकीच्या जुन्या फ्रॉकच्या चौकोनांचं पॅचवर्क, वरचा भाग जोडून तयार आहे पण खाली ना थर ना अस्तर, आणि तिसरं नणंदेच्या बाळासाठी शिवायला घेतलेलं दुपटं, ते बाळ आता शाळेत जातंय. घर दोन खोल्यांचं, वेळ फक्त रात्री जेवणं आटपल्यावर, आणि एवढं असून मन नवीन गोधडी सुरू करायला धावतंय. यातून पुढे कसं जायचं, बरोबर ना?

मला इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय. गोधडी एका ठराविक पायरीवर अडते आणि मग आपण अख्खं कामच बाजूला ठेवतो. शिवायचा कंटाळा खूप कमी जणींना असतो, बहुतेक वेळा एखादा निर्णय घ्यायचा राहिलेला असतो नाहीतर एक किचकट काम मधे आडवं आलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी सुई हातात घेऊच नका. तिन्ही कामं पिशव्यांतून बाहेर काढा, उन्हात टाका, कसर लागलीय का, बुरशीचा वास येतोय का ते बघा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचून त्यावर एकच ओळ लिहा, ‘पुढचं काम काय’. ‘गोधडी पूर्ण करणे’ असं लिहायचं नाही हां, ‘मधल्या चार ओळी उसवणे’, ‘अस्तराचं कापड धुणे’ असं, एका बैठकीत उरकेल एवढंच. तुमच्या तीन कामांच्या चिठ्ठ्या मीच सांगते.

मोठ्या गोधडीपासून सुरुवात करते कारण तिच्यातच खरा जीव अडकलाय तुमचा, ते वाचताना जाणवत होतं. आपल्याकडे जुन्या बायका गोधडी बऱ्याचदा कडेने शिवायला घेतात, चारी बाजूंनी चौकोनात फिरत फिरत आत मधापर्यंत. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पण तशीच कडेकडून आत जाते. पद्धत उत्तम आहे, पण तिची एक अट आहे, थर आधी नीट ताणून पूर्णभर कच्च्या टाक्यांनी बांधलेले पाहिजेत. ते नसलं तर प्रत्येक फेरीला वरचं कापड दोऱ्याच्या ओढीने थोडं थोडं आत ढकललं जातं आणि ते सगळं जास्तीचं कापड शेवटी मधे गोळा होतं. तोच तुमचा झोळ. त्यात एखादा थर टेरीकॉटचा नाहीतर सिंथेटिक साडीचा असेल तर अजूनच, कारण तो सुती लुगड्यावर घसरतो.

यावर उपाय असा. गोधडी फरशीवर पसरा, गादीवर नाही, गादीवर झोळ दबून जातो आणि दिसत नाही. तळहाताने कडेपासून मधाकडे हात फिरवत या, जिथे हाताखाली कापड सरकायला लागतं तिथे खडूने खूण करा. चारी बाजूंच्या खुणा जोडल्या की आत एक चौकोन दिसेल, त्या चौकोनातल्या ओळी तेवढ्या उसवायच्या, बाहेरचं सगळं सुरक्षित आहे त्याला हात लावायचा नाही. उसवताना दोरा ओढू नका, जुनं लुगडं लगेच फाटतं, दर चार-पाच टाक्यांवर टोकदार कात्रीने दोरा कापा आणि उलट्या बाजूने अलगद उपसून घ्या. आता मधून कोपऱ्यांकडे, फुलीच्या आकारात, लांब लांब कच्चे टाके घाला, मग अधिकच्या चिन्हासारखे, आणि मग साधारण चार-चार बोटांवर आडवे. एवढं करूनही बोटभर कापड जास्त उरलं तर ते एका सरळ चुणीत घ्या, टाचणी लावा आणि वर एक छानसं ठिगळ बसवा. काठाचा नाहीतर पदराचा तुकडा असला तर फारच सुरेख. गोधडीला मधे ठिगळ असणं यात कमीपणा कसला, ती मुळात ठिगळांचीच असते, आणि वापरणाऱ्याला ते मुद्दाम केलेलं नक्षीकामच वाटतं.

लुगड्याचं कापड जिथे विरलंय ते आधीच उजेडात धरून बघून घ्या. घडीच्या रेषांवर आणि निऱ्यांच्या भागात ते सगळ्यात आधी विरतं. तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकंसं ताणून बघा, करकर आवाज आला किंवा धागे सुटे झाले तर त्या जागी खालून किंवा वरून तुकडा लावल्याशिवाय टाका घालू नका. आणि दोरा सुतीच घ्या, ४० नंबरचा चालतो. मशीनचा पॉलिएस्टर दोरा मजबूत म्हणून बऱ्याच जणी वापरतात पण जुन्या कापडाबरोबर तो नको, ओढ बसली की दोरा तसाच राहतो आणि कापड कापलं जातं. पुण्यात तुळशीबागेत किंवा मुंबईत मंगलदास मार्केटच्या आसपास सुती दोऱ्याची रिळं सहज मिळतात, मेणाचा तुकडा घेऊन दोरा त्यावरून दोनदा ओढून घेतला की गुंता होत नाही.

आता वेळेचं गणित करू कारण इथेच बायकांचा धीर सुटतो. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी धरा आणि इंचा-इंचावर उभ्या ओळी. म्हणजे झाल्या साधारण ६० ओळी, प्रत्येक सात फुटांची, एकूण ४२० फूट, म्हणजे जवळजवळ १२८ मीटर धावदोरा! हा आकडा ऐकून कुणीही गोधडी परत माळ्यावर टाकेल. पण सात फुटांची एक ओळ हात बसलेल्या बाईची वीस-पंचवीस मिनिटांत होते, आणि रोज एक ओळ धरली तरी दोन महिन्यांत गोधडी संपते. ओळींमधलं अंतर दोन इंच केलं तर ३० ओळी, एक महिना. आणि जुन्या लुगड्यांच्या थरांना दोन इंच अंतर अगदी चालतं, थर सपाट असतात, आत सरकणारं काही नसतं. सुटा पिंजलेला कापूस भरलेला असेल तर मात्र ओळी जवळच पाहिजेत नाहीतर दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात, आणि विकतची वॅडिंग, म्हणजे थरांमधे घालायची तयार भरणी, असेल तर तिच्या पाकिटावर किती अंतर चालतं ते दिलेलं असतं, ते बघा. म्हणजे तुमच्या गोधडीच्या कडेला जवळजवळ ओळी आणि मधे थोड्या विरळ असं झालं तरी काही बिघडत नाही. मला तर ते दिसायलाही आवडतं.

जागेबद्दल. हे नीट लक्षात घ्या की गोधडी पूर्ण पसरायची गरज एकदाच लागते, कच्चे टाके घालताना. त्यानंतर सगळं काम मांडीवर, खुर्चीत, दिवाणावर, कुठेही होतं. म्हणून ती एक सकाळ राखून ठेवा. सोसायटीची गच्ची स्वच्छ झाडून घ्या, खाली जुनी सतरंजी नको, सुई तिच्यात अडकते, सरळ फरशीवरच अस्तर उलटं पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला लावा, वर थर, वर वरचा भाग, आणि शेजारची एखादी मैत्रीण बोलवा. दोघी समोरासमोर बसून मधून आपापल्या कडेकडे कच्चे टाके घालत गेलात तर मोठी गोधडीसुद्धा जेवायच्या आत बांधून होते. गावाकडे उन्हाळ्यात शेतीची कामं उरकली की बायका अशाच जमून गोधड्या घालायच्या, ते उगाच नाही, हे काम एकटीने करायचं नाहीच आहे मुळात. सेफ्टी पिना लावून पण होतं पण त्या वीतभराहून लांब लावू नका, आणि काम पावसाळ्यात रेंगाळणार असेल तर पिना अजिबात नको. गंजाचा डाग सुती कापडावरून जाता जात नाही. त्याच कारणाने रात्री काम ठेवताना सुई कापडात खोचून ठेवायची नाही, डबीत ठेवायची, आणि जिथे थांबलात तिथे रंगीत लोकरीचा एक तुकडा बांधून ठेवायचा.

पॅचवर्कचं काम सगळ्यात सोपं आहे आणि तरी ते सगळ्यात जास्त दिवस पडून राहील असं मला वाटतं, कारण तुम्हाला अस्तर ‘शोभेलसं’ हवंय आणि ते सापडत नाहीये. ताई, घरातली एक मऊ सुती साडी घ्या आणि मोकळ्या व्हा. नऊवारी असेल तर २७ फुटांचे चार तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा, दोन तुकडे लांब बाजूंनी एकमेकांना जोडले की अस्तर तयार, उरलेले दोन तसेच जोडून आतला थर. फ्रॉकची कापडं धुऊन धुऊन आटलेली असतात, तेव्हा अस्तर नवं कोरं घेतलंत तर ते आधी गरम पाण्यातून काढाच, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटेल आणि सगळीकडे चुण्या पडतील. लाल, मरून, काळं असं काही असेल तर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतोय का बघा.

हे मशीनवर करायचं असेल तर साधं घरगुती मशीन तीन थर सहज घेतं. १४ किंवा १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा करा, मिळाला तर वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय) लावा आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने मारा, एक वर एक खाली असं केलंत की तिरके ताण पडतात. डावीकडे एक खुर्ची ठेवून गुंडाळीचं वजन तिच्यावर टाका, लोंबत ठेवलंत तर सुई तुटते आणि खांदे भरून येतात. चौकोनांच्या जोडावरून शिवत गेलं की आखायची पण गरज नाही.

दुपटं आधी संपवा. खरंच, उद्याच. ते सगळ्यात छोटं आहे आणि हातावेगळं झालं की बाकीच्या दोघांसाठी हुरूप येतो. बाळ मोठं झालं म्हणून ते वाया गेलं असं नका धरू, ३६ इंचाच्या दुपट्याला चारी बाजूंनी सहा-सहा इंचाची पट्टी जोडली की ४८ इंच होतं, शाळेत जाणाऱ्या पोराला दुपारी पांघरायला अगदी बरोबर. एवढं करायचं नसेल तर आहे तसं गोट लावून पूर्ण करून ठेवा, घरात पुढचं बाळ कधीतरी येतंच.

रात्री काम करता म्हणालात, तर गडद लुगड्याचे भाग रात्री घेऊ नका, डोळ्यांना फार ताण होतो, ते सुट्टीच्या दिवशी दुपारी खिडकीत बसून करा आणि रात्रीसाठी फिके भाग ठेवा. अजून एक, सकाळच्या उजेडात दोऱ्याचं रीळ न तोडता त्यात एकामागोमाग आठ-दहा सुया ओवून ठेवायच्या. रात्री पहिली सुई हातभर दोऱ्यासकट ओढायची, तोडायची, गाठ मारायची की झालं. ओवण्यातच जी रात्रीची पंधरा मिनिटं जातात ना, ती वाचतात. आणि गोधडी माळ्यावर परत ठेवू नका! टोपलीत, कात्री-रिळासकट, जिथे तुम्ही टीव्ही बघायला बसता तिथेच. डोळ्यासमोर असलं तरच हात लागतो.

नवीन गोधडीचं म्हणाल तर मी कुणाला नको म्हणत नाही, ती ओढ चांगलीच असते. कापडं गोळा करा, धुवा, रंग जुळवून बघा, वहीत चित्र काढा. फक्त कात्री लावू नका, आधीच्या तीनपैकी दोन संपेपर्यंत. कापलेले तुकडे आणखी एक अर्धवट काम होऊन बसतात, न कापलेलं कापड मात्र नुसतं कापडच राहतं. आणि पुढची करताना जागेची अडचण लक्षात घेऊन पंधरा-पंधरा इंचाचे चौकोन थरांसकट वेगवेगळे शिवून घ्या आणि शेवटी पट्ट्यांनी जोडा, म्हणजे पसरायचा प्रश्नच येत नाही.

हे सगळं करूनही मोठी गोधडी जमेना असं वाटलं तर बचत गटातल्या बायका ऑर्डरवर गोधड्या शिवून देतात, त्यांच्याकडून फक्त मधला झोळ काढून कच्चे टाके घालून घ्या आणि धावदोरा तुम्ही घाला. आजेसासूबाईंची लुगडी आहेत, त्यावर तुमचा हात फिरायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, पण सुरुवातीचं जड काम दुसऱ्या कुणी केलं तरी ती तुमचीच गोधडी. दसऱ्याच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, तोपर्यंत तिला गोट लागला तर तिचं पहिलं धुणं त्यातच होऊन जाईल.

झोळाचा फोटो मात्र टाका, फरशीवर पसरून आणि वरून काढलेला. आतला थर कसला आहे तेही कडेची शिलाई जरा उसवून बघून लिहा. सिंथेटिक निघाला तर मधला तेवढा थर कापून काढून सुती घालता येतो, ते कसं करायचं ते फोटो बघून सांगते.