गरुडाला पिसारा असतो का?

पुण्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी ते पक्ष्यांची छोटी पुस्तिका करताहेत. 'बूटेड ईगल' या लहान गरुडाच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'फिकट पिसाऱ्याचा बूटधारी गरुड. पंख काळे-पांढरे.' घरच्यांनी 'पिसारा' वाचून नाक मुरडलं. मग 'प्लुमेज'ला म्हणायचं तरी काय, असं ते विचारतात.

घरच्यांचा कान शाबूत आहे. पिसारा या शब्दाबरोबर कोणती क्रियापदं येतात ते बघा. पिसारा फुलतो, फुलवतात, मिटतो. म्हणजे जो पसरून दाखवायचा तो पिसारा. मोराचा, फार तर लक्का कबुतराचा. गरुड काय फुलवणार? त्याच्या अंगावर असतात ती नुसती पिसं. 'प्लुमेज'साठी एकच भारदस्त नाम शोधायचा हट्ट सोडला तर 'अंगावरची पिसं' किंवा 'पिसांचा रंग' यात सगळं येतं. कोणाची खरडपट्टी काढली तरी आपण त्याची 'पिसं काढली' म्हणतो, पिसारा काढला म्हणत नाही.

खरी गडबड मला दुसऱ्या वाक्यात दिसते. 'पंख काळे-पांढरे' म्हणजे नक्की कसे? पीस गळतं, पंख मोडतो. या दोन शब्दांची गल्लत झाली की पक्षी ओळखता येत नाही. या गरुडाच्या फिकट रूपात पोट आणि पंखाखालचा पुढचा भाग पांढरट असतो, आणि मागच्या कडेची उडायची लांब पिसं काळी. एकाच पंखात दोन रंग, आणि ते कुठे आहेत यालाच महत्त्व. गडद रूप खालून तपकिरी असतं, ते हमखास घार म्हणून खपून जातं. एकाच जातीतल्या अशा रंगभेदाला इंग्रजीत 'मॉर्फ' म्हणतात. त्याला 'छटा' म्हणू नका, 'रूप' म्हणा. छटा म्हटलं की थोडं कमी, थोडं जास्त असं वाटतं. इथे नर-मादी, वय, ऋतू यांचा संबंध नाही. पक्षी ज्या रूपाचा, त्याच रूपाचा जन्मभर.

एकदा थंडीत कवडी पाटला नदीकाठी उभा होतो. घारी घिरट्या घालत होत्या, त्यात एक जरा लहान, आटोपशीर. शेजारचे काका म्हणाले, "घारच हो ती." शेपटी बघितली तर घारीसारखी खाच नाही, सरळ कापलेली. मग तो वळून समोरून आला आणि मान जिथे पंखाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका दिसला, चुन्याचं बोट टेकवल्यासारखा. काका गप्प. हे ठिपके दोन्ही रूपांत असतात. पुस्तिकेत एकच खूण द्यायला जागा असेल तर ही द्या.

आता 'बूटधारी'. इंग्रजी नाव पायांवरून आलंय, पिसं थेट बोटांच्या मुळापर्यंत उतरतात म्हणून. पण बुटात पाऊल झाकतं, आणि याची पिवळी बोटं तर उघडीच! पायमोजाही चालत नाही त्याच कारणाने. मराठी डोळ्यांना हा बूट नव्हे, चुडीदार आहे. शिवाय ही काही याची एकट्याची मिरास नाही. सोनेरी गरुडासारख्या इतर अस्सल गरुडांचे पायही असेच झाकलेले असतात. सर्पगरुडाचे मात्र उघडे, खवल्यांचे. आणि उडताना पाय दिसतात कोणाला?

शास्त्रीय नावातला 'पेनाटस' हा शब्द (हे नामकरण १७८८ चं) मला जास्त आवडतो. लॅटिन 'पेना' म्हणजे पीस, त्यावरून 'पिसांचा'. या 'पेना'चं आणि आपल्या 'पत्र'चं मूळ एकच, उडणे या अर्थाचं. संस्कृतात पत्र म्हणजे पंख, पीस आणि पानही. इंग्रजी 'पेन' त्याच 'पेना'तून आला. म्हणजे आपण पेनाने पत्र लिहितो तेव्हा पीसच पिसावर चालवतो! 'पर्ण'चीही तीच गंमत. वेदांत त्याचा अर्थ पंख किंवा पीस असाही होतो, आणि फारसीतून आलेला 'पर' त्याचा चुलतभाऊ. गरुडाचं जुनं नाव 'सुपर्ण', सुंदर पंखांचा. तेव्हा 'पेनाटस' ऐकून बिचकायचं कारण नाही, गरुडाला पिसांवरून हाक मारायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे.

मी असतो तर फोटोखाली असं लिहिलं असतं: 'बूटेड गरुड, फिकट रूप. हिवाळी पाहुणा. घारीपेक्षा लहान, शेपटीला खाच नाही. पोट पांढरट, उडायची पिसं काळी. समोरून येताना खांद्याशी दोन पांढरे ठिपके.' 'चुडीदार गरुड' लिहायचा मोह मलाही होतोय, पण लोक त्या नावाने शोधायला गेले तर सापडणार नाही. मुलांना सांगताना मात्र खुशाल म्हणा.