विग कपाटावरच राहू द्या

पत्र चोपडा तालुक्यातून आलंय, चार पानी. नाव-गाव गाळून थोडक्यात देते.

"ताई, माझी केळी आणि कपाशीची शेती आहे. बायको बत्तीस वर्षांची, दोन मुली. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढी चाई पडली. पाच महिन्यांत डोक्यावरचे सगळे केस गेले, मग भुवया, पापण्या, हातापायांवरची लव, सगळंच. डॉक्टरांनी अ‍ॅलोपेशिया युनिव्हर्सॅलिस असं नाव सांगितलं. आता गोळ्या सुरू करू म्हणतात, पण त्याआधी टीबीची तपासणी लिहून दिली, तेव्हापासून मी घाबरलोय. मी नाशिकहून अठरा हजारांचा विग आणला. मे महिन्यापासून तिने तो घालणंच बंद केलं. कपाटावर एका उपड्या तांब्यावर तो असतो आणि मोठी मुलगी त्याच्या वेण्या घालते. मायलेकी हसतात, मला हसू येत नाही. श्रावणात गावी कानबाई आहे, आपल्या खानदेशी देवीचा उत्सव, सगळी भाऊबंदकी जमेल. आई म्हणते, सवाष्णीने असं बोडक्या डोक्याने कानबाईपुढे येऊ नये, लोके काय म्हनतीन? मुलींना लागू नये म्हणून आईने तिची उशी आणि कंगवाही वेगळा केलाय. बायको म्हणते, 'येईन तर अशीच येईन.' दोन दिवसांपुरता तरी विग घालायला तिला कसं तयार करू?"

भाऊ, आधी कंगव्याचं बोलते. जिच्या डोक्यावर एक केस नाही, तिचा कंगवा वेगळा ठेवलाय! मला हसू आलं, खरं सांगते. उशीचं वाचलं आणि ते हसू गेलं. दोन वर्षं ती त्या वेगळ्या उशीवर डोकं टेकतेय, पोरींच्या डोळ्यांदेखत. हा आजार उशीने लागत नाही, कंगव्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, कुशीत झोपल्याने नाही. गजकर्ण लागतं, उवा लागतात, हे लागत नाही. घराण्यात थोडा कल असतो, म्हणजे तुमच्या मुलींना इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त, पण ज्यांच्या आईला हे झालंय अशा बहुतेक मुलांना ते कधीच होत नाही. उशी आजच परत द्या.

आता हे होतं कसं? आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणानेच शेत खाल्लं. अगदी तसंच. शरीराचं राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी केसाच्या मुळालाच परकं समजतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. चाई शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी पडते. त्यातल्या मोजक्यांची पूर्ण डोक्यावर पसरते आणि त्याहून मोजक्यांची सगळ्या अंगावर. तिची नखं जरा उजेडात बघा, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसले तर तेही याच आजाराचं. थायरॉइडचं दुखणं आणि अंगावरचे पांढरे डाग हे याचे भाऊबंद, म्हणून थायरॉइड तपासून घ्यायची. शाम्पू, बोअरचं पाणी, बाळंतपणात पाळलं-न पाळलं, यांतल्या कशाचाही दोष नाही.

पत्राच्या कडेला वेगळ्या पेनाने तुम्ही लिहिलंय, "शेगावसारखं गव्हामुळे तर नाही?" 2024 च्या डिसेंबरात आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस काही दिवसांत हातात यायला लागले, तेव्हा आपल्याकडेही घरोघरी तीच चर्चा होती. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथे रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. पण तिथे एकाच वेळी गावोगावचे लोक होते. तुमच्या घरात तोच गहू पाच जणं खाता आणि केस एकटीचे गेलेत. तुम्ही शेतकरी आहात, एकाच वाफ्यातलं एकच झाड वाळलं तर तुम्ही पाण्याला दोष देता का?

केस परत येतील का, हा प्रश्न तुम्ही चार पानांत तीनदा विचारलाय. केळीचा घड कापला, खांब तोडला, तरी खाली कंद शाबूत असतो आणि पिलबाग उभी राहते. या आजारात केसाचं मूळ मरत नाही, ते दबून बसतं, म्हणून दार कायमचं बंद नाही. पण खोटी आशा दाखवणार नाही. सगळ्या अंगावरचे केस गेल्यावर औषधाविना ते पूर्ण परत येणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. एखाद-दुसऱ्या चाईचं मात्र उलट असतं, ती पुष्कळदा आपोआप भरते. माझ्या मावसभावाच्या डोक्यात अशीच पडली होती, आजीने तिच्यावर बिब्बा घासला. फोड आले, पू झाला, पोरगं पंधरा दिवस पालथं झोपलं. चार महिन्यांनी केस आले, ते त्यांचे तेच येणार होते, पण श्रेय आजतागायत बिब्ब्याला! तेव्हा कांद्याचा रस, गुंजेचा लेप, बिब्बा असं काही सुचवणारी माणसं कानबाईला भेटतीलच, त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

गोळ्यांचं सांगते. 2014 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सोरायसिस या त्वचेच्या आजारासाठी टोफासिटिनिब नावाची गोळी एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला दिली. त्याच्या अंगावर केसच नव्हते, अगदी तुमच्या बायकोसारखे. आठ महिन्यांत डोक्यावर पूर्ण केस, भुवया, पापण्या परत आल्या. त्याच जातीच्या बॅरिसिटिनिबला 2022 मध्ये तिथे या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळाली. चाचण्यांमध्ये जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकाचं डोकं नऊएक महिन्यांत बऱ्यापैकी भरलं. म्हणजे दोघांचं तेवढं भरलं नाही, हेही ऐकून ठेवा. आजार जितका जुना तितकं यश कमी, आणि गोळी थांबवली की केस पुन्हा गळू शकतात. ही गोळी त्या बिथरलेल्या राखणदाराला आवरते. राखणदार ढिला पडला की अंगात लपलेला टीबी डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी तपासणी. बायकोला टीबी आहे असा त्याचा अर्थ नाही, उलट डॉक्टर नीट काम करतायत. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो त्यांना आधी सांगा, गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. आणि गोळ्या घ्यायच्या की नाही, हे ती ठरवेल. काही बायका सगळं ऐकून 'नको' म्हणतात, तेही शहाणपणाचंच असू शकतं. खर्चाची किंवा दुसऱ्या मताची अडचण असेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे जा.

आता विग. तुमच्या भागातला मे महिना मी तुम्हाला काय सांगू, पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्यात डोक्यावर जाळी, तिच्यावर केसांचं ओझं, आतून घामाच्या धारा. भुवई ही डोळ्यावरची पन्हाळ असते, ती नसली की घाम थेट डोळ्यात. पापण्या नाहीत म्हणून धूळ डोळ्यात, नाकातले केस नाहीत म्हणून नाक सारखं वाहतं. मोटरसायकलवर मागे बसते तेव्हा तिला गॉगल दिलाय का? डोक्याला सुती रुमाल, उन्हात जाताना सनस्क्रीन? अठरा हजारांचा विग आणलात, दीडशे-दोनशेच्या गॉगलचं कुठे लिहिलेलं नाही.

आणि एक. कानबाईला बायका डोक्यावर पदर घेऊनच वावरतात, मग केस दिसतात कुणाला? सोमवारी विसर्जनाला कानबाईचा चौरंग डोक्यावर घेऊन गाणी म्हणत नदीवर जायचं असतं. विग घालून कुणी चौरंग डोक्यावर घेऊन बघावा, वेशीपर्यंत तरी तो जागेवर राहतो का!

तुमच्या आईला मी वाईट म्हणणार नाही. तिला बायकोच्या डोक्यावर आजार दिसत नाही, मुलाचं मरण दिसतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या नवरा गेला की बाईचं डोकं भादरत. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी 'हे काम आम्ही करणार नाही' म्हणून संप केला, तेव्हापासून काळ केवढा बदलला, पण ते चित्र बायकांच्या मनातून गेलेलं नाही. तुमच्या आईने कदाचित आपल्याच आजीचं तसं डोकं पाहिलं असेल. तिला शेजारी बसवून विचारा. माझ्या मते ती विगवर अडलेली नाही, भीतीवर अडलीय. पुढच्या तपासणीला तिलाही बरोबर न्या, 'हे लागत नाही' हे डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या. सून असं सांगायला लागली तर तिला ते उलट उत्तर वाटेल.

राहिला तुमचा प्रश्न, तिला कसं तयार करू. भाऊ, मी पत्र दोनदा वाचलं. चार पानांत आई काय म्हणते, लोक काय म्हणतील, तुम्हाला काय वाटतं हे सगळं आहे. तिचं वाक्य एकच आहे, आणि ते पुरेसं स्पष्ट आहे. तुम्हाला ते उत्तर नको होतं म्हणून तुम्ही मला लिहिलंत. लाज तिला वाटत असती तर ती पोरीला त्या विगच्या वेण्या घालू देती ना. ती लाज ओलांडून पुढे गेलीय, तुम्ही मागे राहिलात. राग मानू नका. तिचे केस गेल्याचं दुःख तुम्हालाही झालंय, फक्त ते तुम्ही कुणापाशी बोलला नाहीत आणि सरळ नाशिकला जाऊन विग घेऊन आलात.

म्हणून तयारी तिची नको, भाऊबंदकीची करा. कानबाईचं दळण टाकायला गावच्या घरी जाल तेव्हा थोरल्या भावाला आणि वहिनीला आधीच सांगून ठेवा: हिला आजार आहे, लागत नाही, हिच्यापुढे 'अगं बाई' करू नका. पहिली बाई 'हे काय झालं?' म्हणेल तेव्हा तुम्ही ओट्यावर पुरुषांत नसाल, तिच्याजवळ उभे असाल एवढं बघा. भुवया पेन्सिलने काढायच्या की नाही ते तिला ठरवू द्या, तुम्ही पेन्सिल घेऊन येऊ नका. आणि सोमवारी चौरंग कोण घेणार अशी बोलाचाली सुरू झाली, की तुम्हीच तिचं नाव घ्या.