दाताची कीड लेझरने काढली तर ड्रिल आणि इंजेक्शन खरंच टळतं का?

तुम्ही लिहिलंय की दोन दाढा किडल्यात, एकीत जुनं चांदीचं फिलिंग आहे, डॉक्टर 'लेझरने करू' म्हणतायत आणि तुम्हाला ड्रिलच्या आवाजाची नि सुईची धास्ती आहे. मी दंतवैद्य आहे, दोन्ही यंत्रं वापरतो. थोडक्यात सांगायचं तर एका दाढेत बहुधा टळेल, चांदीच्या दाढेत ड्रिल टळणार नाही.

आधी डॉक्टरांना विचारा, लेझर कुठला? दवाखान्यांत सर्रास दिसतो तो डायोड. त्याची तरंगलांबी साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर, आणि तो प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन नि हिरडीतलं मेलॅनिन शोषतं. त्यामुळे वाढलेली हिरडी कापायला तो फार सोयीचा. रक्त जागच्या जागी थांबतं, टाकाही बहुतेक वेळा लागत नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, मात्र त्याला दाद देत नाही. डायोडने दाढेची कीड कोरून काढतो असं कुणी म्हणालं, तर सरळ उठून या.

किडीला लागतो एर्बियम लेझर. त्यातला नेहमीचा प्रकार २९४० नॅनोमीटरचा, आणि ही तरंगलांबी पाणी कमालीची शोषतं. दातात थोडं पाणी असतंच, किडलेल्या भागात जास्त असतं. प्रकाश पडताच त्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती फुगते आणि आजूबाजूचा कण उडवून लावते. म्हणून किडका भाग भराभर सुटतो, चांगला दात त्या मानाने कमी जातो. १९६५ च्या सुमारास माणसाच्या दातावर रूबी लेझर चालवून पाहिला गेला होता, पण त्याने दात भयंकर तापायचा आणि आतल्या नसेचं काही खरं नसायचं. एर्बियमला अमेरिकेत दातासाठी परवानगी मिळाली ती थेट १९९७ मध्ये.

खुर्चीत काय जाणवतं? डोळ्यांवर रंगीत चष्मा, दाढेवर गार पाण्याचा फवारा, आणि लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज. ड्रिलची ती किंचाळी आणि हाडापर्यंत जाणारी थरथर नाही. टोक दातापासून किंचित दूर धरतो. थोडा जळका वास येतो, घाबरायचं कारण नाही. मी सुरुवातीला कमी ताकदीवर थोडा वेळ फिरवतो, त्याने बऱ्याच जणांची दाढ जराशी बधिर होते. बऱ्याच जणांची म्हणालो, सगळ्यांची नाही. कीड नसेच्या जवळ गेली असेल तर मध्येच 'डॉक्टर, सुई द्या' म्हणणारेही असतात, आणि मग मी देतो. सलग सहन करायची शर्यत नाहीये ही. कळ आली की हात वर करायचा, मी थांबतो. आणि हो, ड्रिलपेक्षा वेळ जास्त लागतो, तेवढा वेळ तोंड उघडं ठेवायची तयारी ठेवा.

आता चांदीची दाढ. ते फिलिंग म्हणजे पारा मिसळलेला धातू. धातूवर लेझर मारला तर प्रकाश उलटतो, शिवाय तापून पाऱ्याची वाफ निघू शकते. त्यामुळे ते ड्रिलनेच, भरपूर पाणी नि जोरदार सक्शन लावून काढायचं. खालची कीड हवी तर नंतर लेझरने काढता येते, पण तोवर तुमची भीती वसूल झालेली असते. कॅपसाठी दाताला आकार देतानाही हात शेवटी ड्रिलकडेच जातो.

दात पांढरे करताना दिवा किंवा लेझर लावतात, तिथे खरं काम पेरॉक्साइडची जेल करते. हिरड्यांच्या आजारातही साधं, मन लावून केलेलं स्केलिंगच, म्हणजे दातांवरचा साचलेला थर खरवडून काढणंच, मुख्य. लेझर वरची जोड.

तर चांदी नसलेल्या दाढेपासून सुरुवात करा, एर्बियम असेल तर सुईशिवाय करून पाहायला हरकत नाही. चांदीच्या दाढेच्या वेळी आधी बधिर करणारी जेल लावायला आणि इंजेक्शन सावकाश द्यायला सांगा. टोचण्यापेक्षा औषध जोरात ढकललं की जास्त दुखतं. मात्र एखादी दाढ रात्री आपसूक ठणकत असेल, तर फिलिंगचा विषय बहुधा मागे पडलाय. एक्स-रे काढून घ्या. तिथे रूट कॅनाल करावं लागलं तर भूल घ्यावीच लागेल, यंत्र कुठलंही असो.